व्हेपच्या कॉईलमधली तार: भट्टीला चालते ती छातीला चालते का?

भोसरी एमआयडीसीत आमचं हीटर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. ओव्हन, भट्टी, पॅकिंग मशीन यांची एलिमेंट्स आम्ही गुंडाळतो. नायक्रोम आणि कॅन्थाल या दोन तारा रोज किलोकिलोने हाताखालून जातात. गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा वर्कशॉपवर आला. कर्वेनगरला खोली घेऊन इंजिनिअरिंग करतो. त्याने खिशातून करंगळीच्या पेराएवढं धातूचं नळकांडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "आत्या, यात तुझीच तार आहे ना? मग कुठली सेफ? कॅन्थाल, नायक्रोम की स्टील?"

तो व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट, ओढतो हे मला तेव्हा कळलं. काळजात धस्स झालं. पण पोरगं माझ्याकडे विश्वासाने आलं होतं आणि प्रश्न माझ्याच धंद्यातला होता. रागावून त्याला घालवून दिलं असतं, तर त्याने तेच कुठल्यातरी विकणाऱ्याला विचारलं असतं. म्हणून त्या दिवशी त्याला जे सांगितलं, आणि नंतर वाचून-तपासून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरात, होस्टेलच्या खोलीत किंवा स्वतःच्या खिशात हे यंत्र आहे, त्यांच्यासाठी.

आधी कायदा, कारण त्याचा धातूशी संबंध आहे

भारतात २०१९च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायद्याने या वस्तूचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. विकताना पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: पुण्यात जे काही मिळतं ते चोरवाटेने आलेलं असतं. इस्त्री घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो, गिझर घेताना बघतो. इथे बघायला शिक्काच नाही. डबीवर ‘कॅन्थाल’ छापलंय म्हणून आत कॅन्थाल असेल, याला कुणाचाही आधार नाही.

पहिली पायरी: तार नेमकं काय काम करते ते समजून घ्या

कॉईल म्हणजे तारेचं वेटोळं, त्यात कापसाची वात, आणि वातीत मुरलेलं लिक्विड. लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. वात ओली असेपर्यंत तार साधारण याच पट्ट्यात राहते, कारण उकळणारं द्रव तिची उष्णता खेचून घेतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेलं जळत नाही, तसंच. पाणी आटलं की दोन मिनिटांत बूड काळं पडतं. वात कोरडी पडली की तारेचंही तेच होतं. फक्त तिला दोन मिनिटं लागत नाहीत, एखादा सेकंद पुरतो.

आता भाच्याने मला घातलेलं कोडं. तो म्हणाला, "निकेल उकळायला अडीच हजार अंशांच्या वर तापमान लागतं. इथे अडीचशेसुद्धा नीट होत नाहीत. मग धातू वाफेत जाईलच कसा?" प्रश्न हुशारीचा आहे. पण धातू उकळून जात नाही, झिजून जातो. गरम द्रव सतत तारेला लागून असतं. पॉडमधल्या, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या टाकीतल्या, निकोटीन सॉल्टमध्ये तर बहुधा बेंझोइक आम्लच घातलेलं असतं. त्याने धातू हळूहळू द्रवात उतरतो. शिवाय तार दिवसातून शेकडो वेळा तापते आणि थंड होते. प्रत्येक वेळी ती फुगते, आकसते आणि तिच्यावरचा ऑक्साईडचा पापुद्रा तडकतो. हे बारीक कण वाफेच्या थेंबांबरोबर थेट छातीत जातात.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या भट्ट्यांत मी वर्षानुवर्षं बघते आहे. जी भट्टी आठवडाभर सलग पेटती असते, तिचं एलिमेंट टिकतं. जी रोज सकाळी सुरू आणि संध्याकाळी बंद होते, तिच्या विटेच्या खाचेत तारेखाली काळ्या खपल्यांचा चुरा साचलेला असतो. चिमटीत घेतला तर मिरपुडीसारखा लागतो. तो मुकाट ब्रशने झाडून टाकतो आम्ही, कारण भट्टी श्वास घेत नाही.

दुसरी पायरी: एकेक धातू

कॅन्थाल. लोखंड, साधारण २२ टक्के क्रोमियम आणि पाच-सहा टक्के अॅल्युमिनियम. निकेल नाही. हवेत १४०० अंशांपर्यंत चालते, म्हणून भट्टीवाल्यांची लाडकी. तापल्यावर तिच्यावर अॅल्युमिनाचा घट्ट, राखाडी-पांढरा थर बसतो आणि तो नायक्रोमच्या थरापेक्षा कमी निघतो. व्हेपवाली मुलं याच थराचा हवाला देतात: ‘नवीन कॉईल दोन-तीनदा लाल केली की संरक्षक थर बनतो.’ इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. आम्हाला तो थर नीट बसवायचा असतो तेव्हा एलिमेंट १०५० अंशांच्या आसपास ७ ते १० तास भाजावं लागतं. दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी जे बनतं ते कवच नव्हे, रंग आहे.

नायक्रोम, डबीवर ‘एनआय ८०’. ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. लवकर तापते, लवकर थंड होते, म्हणून ओढणाऱ्यांना आवडते. पण हा बहुतांश निकेलच आहे. खोट्या कानातल्यांनी ज्यांचा कान चिघळतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली ज्यांना खाज सुटते, त्यांना बहुतेकदा निकेलचीच अॅलर्जी असते. अशा माणसाने तोच धातू छातीत ओढणं म्हणजे जाणूनबुजून घेतलेला त्रास. निकेलची संयुगं श्वासावाटे गेली तर कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवलेलं आहे. त्याच गटात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, हेही आहे. आमच्या भागात जुन्या क्रोम प्लेटिंगच्या कामगारांना विचारा, ‘हेक्स क्रोम’ म्हटलं की ते आधी नाकाला हात लावतात. त्याच्या वाफेने नाकाचा पडदा झिजून भोक पडतं. कॉईलच्या तारेतलं क्रोमियम प्लेटिंगच्या टाकीतल्या क्रोमियमसारखं नसतं, एवढं खरं. पण क्रोमियम श्वासात नको, हा धडा तिथूनच आलेला आहे.

स्टेनलेस स्टील, बहुधा ‘एसएस ३१६एल’. १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २-३ टक्के मॉलिब्डेनम. निकेल नायक्रोमपेक्षा खूप कमी, पण आहे. ‘ऑपरेशनच्या अवजारांचं स्टील आहे, म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य मी भाच्याच्या तोंडून ऐकलं. ऑपरेशनचं अवजार अंगाच्या तापमानाला वापरतात, दिवसातून तीनशे वेळा तापवून त्यावर सरबत ओतत नाहीत.

शुद्ध निकेल, ‘एनआय २००’, आणि टायटॅनियम. हे दोन्ही फक्त तापमान-नियंत्रण असलेल्या यंत्रासाठी असतात. साध्या वॅटच्या मोडवर, म्हणजे यंत्र तापमान न बघता ठरलेली वीज देत राहतं तिथे, लावले तर तापण्याला धरबंद राहत नाही. टायटॅनियम जास्त तापलं की पांढरी भुकटी धरतं. ती टायटॅनियम डायऑक्साईड, तीही श्वासात जायला नको अशा यादीतली. पेटलेलं टायटॅनियम पाण्याने विझत नाही, हे कारखान्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. पांढरी भुकटी दिसली की ती कॉईल संपली, पुसून पुन्हा लावायची नाही.

‘सिरॅमिक कॉईल’ या नावाने फसू नका. सिरॅमिक ही वात आहे. तापणारी वस्तू आतमध्ये धातूच असते.

आता खरं बोलायचं तर, आमच्याकडे तारेच्या प्रत्येक रिळाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यात मिश्रणाचे टक्के असतात, दर मीटरला किती ओहम ते असतं, कमाल तापमान असतं. छातीसाठी चालेल असा रकाना त्यात मी आजवर पाहिलेला नाही. ही तार भट्टीसाठी जन्माला आली आणि तिची प्रत्येक परीक्षा भट्टीची आहे. भाच्याला मी हेच म्हणाले: "तू विचारतोस कुठली सेफ. मी फक्त कुठली किती दिवस टिकते ते सांगू शकते. ती तुझ्या आत काय सोडते, हा तिच्या सर्टिफिकेटचा विषयच नाही."

तिसरी पायरी: हातातली कॉईल कुठली, हे ओळखायचं असेल तर

वापरून फेकायचं यंत्र असेल तर उघडूच नका. आत लिथियम सेल असतो, स्क्रू-ड्रायव्हर घुसला की पेट घेतो. ज्याची कॉईल निराळी निघते त्याचीच काढा, यंत्र बंद करून, थंड झाल्यावर, हातमोजे घालून. लिक्विडमधलं निकोटीन कातडीतून अंगात जातं.

भाच्याची कॉईल मी कटरने उभी चिरली. वरचं कवच निघालं तसा जळक्या काकवीसारखा वास आला. कापूस बाहेरून चहाच्या रंगाचा, तारेलगत कोळसा. तारेचे पाच-सहा वेढे एका काळ्या चिकट सालीत बुडालेले. स्वादातली साखर आणि गोडवा आणणारे पदार्थ जळून ही साल बनते. मी नखाने ती खरवडली तर सालीबरोबर तारेचा पापुद्राही निघून आला, आणि खाली भिंगातून बघितलं तर चमकत्या धातूवर बारीक खड्डे. भाचा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. बराच वेळ काहीच बोलला नाही.

मग लोहचुंबक. तार पूर्ण सोडवून, पुसून मगच लावायचं, नाहीतर कवचाचं पोलाद चुंबकाला ओढतं आणि गोंधळ होतो. कॅन्थाल चिकटते. शुद्ध निकेल चिकटतं, पण ते बोटाने सहज वाकेल इतकं मऊ असतं. नायक्रोम ८० चिकटत नाही, ३१६एल जवळजवळ नाही, टायटॅनियम नाही. भाच्याच्या डबीवर ‘कॅन्थाल’ लिहिलं होतं, आणि तार चुंबकाला ढिम्म हलली नाही. मग मी मायक्रोमीटरने जाडी मोजली, आमच्या मिलिओहम मीटरवर रोध घेतला. हिशेब नायक्रोमशी जुळला. घरी साध्या मल्टीमीटरवर हे करू नका. कॉईलचा रोध ०.२ ओहमसारखा असतो आणि मीटरच्या वायरींचाच तेवढा असतो, आकडा काहीही येतो.

चौथी पायरी: कॉईलशेजारचं पितळ आणि कथिल

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. सगळे तारेबद्दल भांडतात. पण तारेला वीज देणारी पिन बहुधा पितळेची असते, आणि जोड सोल्डरचा. आमच्या शेजारी लेथवर पितळ कातणारे आहेत. त्यांचं आवडतं फ्री कटिंग पितळ, ज्याचा कीस लांब न निघता बारीक तुकड्यांत पडतो. तो तसा पडतो, कारण त्यात दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. ते शिसं पिनमध्ये राहतं, आणि पिन गरम लिक्विडमध्ये बुडालेली असते.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची स्वतःची, रोज वापरातली यंत्रं तपासली. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू अगदी कमी होते. तेच लिक्विड यंत्रातून वाफ होऊन बाहेर आलं तेव्हा त्यात शिसं, क्रोमियम, निकेल कितीतरी पटींनी वाढलेलं होतं. म्हणजे धातू यंत्रानेच दिला. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने वापरून फेकायची यंत्रं तपासली. एका यंत्राने दिवसभराच्या वापरात जवळपास वीस पाकिटं सिगारेटींपेक्षा जास्त शिसं सोडलं. तिथे शिशाचं मूळ तार नव्हती, शिसं मिसळलेल्या काशाचे भाग होते. निकेल त्या भागांतूनही आलं आणि कॉईलमधूनही. आपल्याकडच्या मुलांच्या हातात सगळ्यात जास्त हीच रंगीत, फळांच्या स्वादाची, वापरून फेकायची यंत्रं दिसतात.

पिनेवर किंवा कवचाच्या आत हिरवट डाग दिसला तर तो गंज तांब्या-पितळेचा आहे. ते यंत्र तिथेच थांबवा.

पाचवी पायरी: जोवर सुटलेलं नाही, तोवर निदान हे करू नका

कॉईल साफ करायला कोरडी लाल करू नका. लाल दिसली म्हणजे पाचशे-सहाशे अंश ओलांडले. त्याने वरचा थर तडकतो आणि पुढचे झुरके त्या खपल्यांसकट जातात.

घशाला चटका, जळक्या कापसाची चव आली की तिथेच थांबा. त्याला कोरडा झुरका म्हणतात. त्या तापमानाला ग्लिसरीन फुटून अॅक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाईड हे विषारी पदार्थ बनतात. ‘अजून दोन ओढून संपवतो’ हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

तापमान-नियंत्रणाचं यंत्र असेल तर धातूची सेटिंग चुकवू नका. यंत्र तारेचा रोध किती वाढला यावरून तापमान ओळखतं. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्के वाढतो, ३१६एलचा जेमतेम ०.०९ टक्के. आता यंत्राला सांगितलं ‘निकेल’ आणि आत स्टील. २२० अंशांवर थांबायला यंत्र रोध दुपटीहून जास्त होण्याची वाट बघत बसतं, आणि स्टीलचा रोध तेवढा व्हायला हजाराच्या वर अंश लागतील. म्हणजे नियंत्रण नावालाच, तार मोकाट. आणि डबीवरचं नावच खोटं असू शकतं हे वर बघितलंच.

चव धातूची लागली, लिक्विड काळं पडलं, टाकीत बरेच दिवस तसंच राहिलं, तर ओतून द्या. जितका वेळ द्रव धातूला लागून, तितका धातू द्रवात.

सहावी पायरी: अंगावर लक्ष

सततचा खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप, ओठांभोवती पुरळ, यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि मुख्य म्हणजे व्हेपचं खरं सांगा. मुलं आईवडिलांसमोर डॉक्टरांपासून लपवतात आणि मग दम्याची औषधं चालू राहतात. पालकांनी अशा वेळी दोन मिनिटं खोलीबाहेर थांबावं, एवढं कळकळीने सांगते. दमा असलेल्यांनी, गरोदर बाईने आणि अठराच्या आतल्या मुलांनी कुठला धातू बरा याचा विचारही करू नये.

सोडायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत आहे. निकोटीनची तलफ खरी असते, तिला मनाचा दुबळेपणा म्हणू नका. औषधांच्या दुकानात २ आणि ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मिळतं. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. भाच्याने ते केलं. पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, मेसच्या जेवणावरून भांडणं. मी रोज रात्री फोन करायचे, व्हेपचा विषय न काढता.

शेवटचं काम: यंत्र टाकायचं कसं

सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरावेचक ताई पोतं पाठीवर घेऊन जिने उतरतात, त्यात दबलेला लिथियम सेल पेटू शकतो. काढता येणारा सेल असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. न निघणारा असेल तर यंत्र तसंच ठेवा. लिक्विड मोरीत ओतू नका. कापसाच्या बोळ्यात किंवा मातीत जिरवून, घट्ट बंद करून वेगळं ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कारण थोडंसं निकोटीनही त्यांना घातक ठरतं. हे सगळं ई-कचऱ्यात द्यायचं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेचे लोक ई-कचरा वेगळा घेतात.

भाच्याने त्याचं यंत्र पारदर्शक डबीत घातलं, डबीवर मार्करने ‘आत बॅटरी आहे’ असं ठळक लिहिलं, आणि ती नेणाऱ्या ताईंना हातात देऊन तोंडीही सांगितलं. चिरलेली कॉईल मात्र मी ठेवून घेतली आहे. वर्कशॉपच्या टेबलावर, भिंगाशेजारी. कुणाचं पोरगं तोच प्रश्न घेऊन आलं, तर दाखवायला.